आमच्या गावची ग्रामसभा: सात वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात बाराशेच्या आसपास मतदार आहेत. गेल्या सात वर्षांत झालेल्या बहुतेक ग्रामसभांना मी हजर राहिले आहे. आधी नुसती ऐकायला, आणि नंतर बचत गटांच्या ग्रामसंघाची सचिव म्हणून विषय मांडायला. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या काळात सरपंच बदलले, ग्रामसेवक तीनदा बदलले, आणि पुढे जे दोष सांगणार आहे ते माझ्या माहेरी व नणंदेच्या गावीही तसेच आहेत. ज्यांनी ही सेवा कधी वापरली नाही आणि ज्यांनी एकदा वापरून हात टेकले, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते.

कागदावर ही सेवा फार उदार आहे. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा पूर्वीपासून होतीच. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, तिला घटनेचे पाठबळ मिळाले. गावाच्या मतदारयादीत नाव असले की माणूस सभासद. वर्गणी नाही, अर्ज नाही, नूतनीकरण नाही. आर्थिक वर्षात किमान चार सभा, प्रत्येक नियमित सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा, सात दिवस आधी नोटीस, विकास आराखड्याला मंजुरी देण्याचा, योजनांचे लाभार्थी निवडण्याचा आणि खर्चाचा हिशेब विचारण्याचा अधिकार, एवढे सगळे त्यात येते. सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय सभा टाळली तर त्याचे पदही जाऊ शकते. त्यामुळे सभाच होत नाही अशी आमची तक्रार नाही. ती होते, नोटीस लागते, भोंगा फिरतो, सतरंजी अंथरली जाते.

पहिली अडचण तारखांची आहे. सभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे होते. ज्या कोणी या तारखा ठरवल्या त्यांनी झेंडावंदनाला लोक आपोआप जमतात असा सोयीचा विचार केला असावा, पण त्यांनी कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यातला एक हंगाम पाहिला असता तर तारखा निराळ्या निघाल्या असत्या. २६ जानेवारीला कपाशीची शेवटची वेचणी चालू असते आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेवर जागलेली माणसे सकाळी झोपलेली असतात. १ मे रोजी उन्हाचा पारा ४४ च्या वर आणि प्रत्येक घरात कोणाचे ना कोणाचे लग्न. १५ ऑगस्टला निंदण, डवरणी आणि फवारणी एकाच वेळी अंगावर आलेली असते; पावसाने चार दिवस उघाड दिली असेल तर त्या दिवशी शेत सोडून समाजमंदिरात बसणारा शेतकरी विरळाच. २ ऑक्टोबरला सोयाबीन सोंगणीला आलेले असते, मळणी यंत्राचा नंबर लागलेला असतो आणि आभाळ दाटून आले की माणसाला दुसरे काही सुचत नाही. नेमक्या याच २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू होते, म्हणजे वर्षातली सर्वांत महत्त्वाची चर्चा वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यात येते.

महिला सभेचे तर विचारूच नका. ती आदल्या दिवशी, सकाळी अकराला. अकरा वाजता मजुरीला जाणारी बाई गावात असते का, हा प्रश्न नोटीस लिहिणाऱ्याला पडत नाही. ही सेवा फुकट आहे असे म्हणतात, पण तिची खरी किंमत एका दिवसाची मजुरी आहे, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. गावातल्या दुकानदाराला ती शून्य पडते, माझ्यासारख्या पाच एकरवाल्या घरातल्या बाईला थोडी पडते, आणि ज्या घरातली चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्या घराला पूर्ण पडते. शेजारच्या काकूंना मी सभेला बोलवायला गेले होते तेव्हा त्यांनी डोक्यावरचे गवताचे ओझे न उतरवता विचारले, "सभेले बसली त रोज कोन देईन वं माय?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही महिला सभा संध्याकाळी सातला घ्यावी असा लेखी अर्ज दिला, तो दुसऱ्या प्रयत्नात मान्य झाला, आणि त्या सभेला एरवी बारा-पंधरा असणाऱ्या बायका साठच्या वर आल्या. सभेची वेळ बदलायला शासन निर्णय लागत नाही हे कळायला मात्र आम्हाला दोन वर्षे लागली.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, असा नियम आहे. आमच्या गावात १५ टक्के म्हणजे सुमारे १८०, म्हणून शंभर माणसे पुरतात. शंभर जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. लोक आले नाहीत म्हणून गावाचा कारभार अडू नये. प्रत्यक्षात काय होते ते सांगते. पहिल्या सभेला साठ-सत्तर माणसे येतात, त्यांत आपला प्रश्न घेऊन आलेली निम्मी तरी असतात. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाल्याचे जाहीर होते आणि ती माणसे आपला प्रश्न खिशात घालून घरी जातात. पुढच्या सभेला पंधरा-वीस जण असतात, ज्यांना यायचे कारण असते: एखादा ठेकेदार, त्याचा भाचा, सदस्य, सदस्यांचे नवरे, आणि आमच्यासारखे दोन-चार हट्टी लोक. वर्षभराचा आराखडा या सभेत मंजूर होतो. शंभर माणसांच्या गैरहजेरीत जो ठराव होऊ नये म्हणून अट घातली, तो वीस माणसांत पूर्ण कायदेशीर होतो.

पहिल्याच सभेत शंभर सह्या पूर्ण झाल्याचा चमत्कारही मी पाहिला आहे. दारात वही घेऊन बसलेला माणूस म्हणतो, "सही करा जी आधी, मंग बसा." सही केलेली बरीच माणसे बसतच नाहीत, रेशनच्या रांगेकडे वळतात. उरलेल्या सह्यांसाठी वही दोन दिवस गावात फिरते. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती अशी समजूत दोन्ही बाजूंनी पक्की झाल्यामुळे ज्यांना ठराव पटत नाही ते सहीच करत नाहीत, म्हणजे नोंदीत ते आलेच नव्हते असे ठरते. माझे मत असे आहे की सही जरूर करावी आणि आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावा.

इतिवृत्त, ज्याला गावात सगळे प्रोसिडिंग म्हणतात, हाच या सेवेचा खरा माल आहे. सभेत कोण किती वेळ बोलले याला महत्त्व नाही; त्या वहीत काय लिहिले गेले यावर पुढे पैसा हलतो. आमच्याकडे अनेक वर्षे पद्धत अशी होती की सभेत टाचण घ्यायचे आणि वही सावकाश भरायची. सावकाश म्हणजे कधीकधी महिन्याने. अशा एका इतिवृत्ताची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागितली. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, राज्याच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांत व एकाच विषयावर ठेवावा लागतो, आणि ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. मला ती मुदतीत मिळाली हेही नोंदवते. त्यात चौदा विषय होते आणि चौदाही "सर्वानुमते मंजूर" होते. त्यांतल्या दोन विषयांवर सभेत चांगलीच वादावादी झाली होती. एका ठरावाला अनुमोदक म्हणून माझ्या सासूबाईंचे नाव होते, आणि त्या दिवशी त्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपुरात होत्या. घरी यावर खूप हसणे झाले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यानंतर त्या एकही सभा चुकवत नाहीत.

आता आमच्या दोन मागण्यांची हकिकत, कारण ही सेवा चालते कशी आणि अडते कुठे हे त्यातून सर्वांत नीट कळते. २०१५-१६ पासून प्रत्येक ग्रामपंचायतीने "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने स्वतःचा आराखडा करायचा आहे. शिवार फेरी, महिला सभा, वॉर्डाच्या बैठका, त्यातून गरजांची यादी, यादीला ग्रामसभेची मंजुरी, असा तो क्रम आहे. बचत गटांचा ग्रामसंघही आपला गरिबी निर्मूलनाचा आराखडा त्यात समाविष्ट करण्यासाठी ग्रामसभेला देतो. आम्ही दोन गोष्टी मागितल्या. हातपंपाजवळ वर्षभर साचणाऱ्या सांडपाण्यासाठी नाली व शोषखड्डे, आणि नाल्याच्या पलीकडच्या शेतांकडे जाणारा पांदण रस्ता, ज्यावर पावसाळ्यात काळ्या मातीत बैलबंडी आसापर्यंत रुतते. सभेत दोन्ही मागण्यांना माना डोलल्या. वर्षाच्या शेवटी मंजूर आराखड्यात दोन्ही नव्हत्या. चावडीसमोर पेव्हर ब्लॉक होते.

हे मला कसे कळले? ई-ग्रामस्वराज पोर्टल २०२० पासून चालू आहे. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडले की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही पाहता येतो, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत नागरिकाच्या हाती आलेली ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे, आणि गावात तिची माहिती असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कामांची नावे तिथे तुटक असतात, "नाली बांधकाम" एवढेच लिहिलेले दिसते, कुठली नाली ते कळत नाही. तरीही आकडा कळतो, आणि आकडा हाती असला की सभेत विचारायच्या प्रश्नाला धार येते.

दुसऱ्या वर्षी आम्ही ग्रामसेवकांना (आता त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणते) सरळ विचारले की आमची मागणी गळली कुठे. त्यांनी जे समजावून सांगितले ते पहिल्याच वर्षी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. केंद्राकडून येणारा चौदाव्या वित्त आयोगाचा निधी पूर्णपणे ग्रामपंचायतीकडे येत असे. पंधराव्या आयोगाच्या काळात राज्यात त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. शिवाय २०२१-२२ पासून या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी व निम्मा पाण्यासाठीच वापरायचा, आणि उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. म्हणजे सांडपाण्याची नाली बंधित निधीत बसत होती, तिथे पैसेही होते, पण आम्ही ती पांदण रस्त्याबरोबर एकाच अर्जात मागितल्यामुळे दोन्ही "रस्ते व नाली" या शीर्षकाखाली अबंधित निधीच्या रांगेत गेल्या आणि पेव्हर ब्लॉकच्या मागे उभ्या राहिल्या. अर्ज वेगळे केले, सभेच्या आधी पोच घेऊन दिले, चाळीस बायकांच्या सह्या जोडल्या, आणि सभेत ठरावाचा मजकूर तिथल्या तिथे वाचून दाखवायची विनंती केली. नाली पुढच्या उन्हाळ्यात झाली. शोषखड्डे पाचपैकी तीन झाले. पांदण रस्ता अजून झालेला नाही. त्यासाठी वेगळी योजना आहे, तिची फाइल तालुक्याला आहे, आणि अतिक्रमणाची मोजणी व्हायची आहे, असे आम्ही दोन वर्षे ऐकत आहोत.

यावरून माझे या सेवेविषयीचे मुख्य मत असे बनले की लोकसहभाग सभेच्या दोन तासांत फारसा घडत नाही. तो आधीच्या आठवड्यात अर्ज कोणत्या शीर्षकाखाली लिहिला यात असतो आणि नंतरच्या आठवड्यात वही कोणी वाचली यात असतो. मधला भाग, जिथे माईक असतो, तो बराचसा बोलघेवड्यांचा आहे.

महिला सभेत विचारण्याजोगा एक प्रश्न इथेच सांगून टाकते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्या सभेत हा हिशेब पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा शांतता पसरली आणि मग अंगणवाडीला दिलेल्या खुर्च्यांची पावती निघाली. रक्कम लहान होती, कारण घरपट्टीची वसुलीच लहान आहे. पण पुढच्या वर्षी ती कशावर खर्च करावी हे बायकांनी ठरवले, आणि माझ्या आठवणीत बायकांनी ठरवलेला तो पहिला खर्च होता. सरपंचबाईंनीही त्या दिवशी स्वतः उत्तरे दिली, त्यांचे यजमान मागच्या रांगेत बसून होते. ५० टक्के आरक्षणाचा अर्थ कधीकधी असा एखाद्या संध्याकाळी दिसतो.

विदर्भात याच सेवेचा फार वरचा नमुना आहे, म्हणून तुलना टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेसाठी सर्वांना ठाऊक आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि एखादा विषय सभेत येण्यापूर्वी गावाच्या अभ्यास गटात त्यावर बोलणे झालेले असते. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये असा हक्क मिळवून बांबूवर गावाचा रोजगार उभा केला.

आमच्या गावातल्या एका सभेत मेंढ्याचे उदाहरण दिले तेव्हा कोणीतरी म्हणाले की तिथे जंगल आहे, आपल्याकडे काय आहे. बोलणे कडू होते, पण त्यात तथ्य आहे. ज्या ग्रामसभेच्या हाती बांबू विकून आलेला पैसा आहे तिच्या सभेला माणूस मजुरी बुडवून येतो, कारण त्याची मजुरीच तिथे ठरते. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालच्या गावांना, आणि विदर्भात अशी गावे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ व अमरावती या चार जिल्ह्यांत आहेत, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. आमचे गाव त्या यादीत नाही. आमच्या ग्रामसभेच्या हाती मुंबई-दिल्लीहून आलेला, शीर्षकांत बांधलेला निधी आणि थकलेली घरपट्टी आहे, तेव्हा लोकांच्या उदासीनतेला नुसता आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पण अभ्यास गटाला जंगल लागत नाही. ग्रामसंघातल्या आम्ही सात जणी सभेच्या आधीच्या रविवारी मागचे इतिवृत्त आणि पोर्टलवरचा खर्च वाचायला बसतो, ते मेंढ्याचेच उसने घेतलेले आहे.

अभिप्राय म्हटला की गुण द्यावे लागतात. कायद्यातल्या तरतुदीला पाचपैकी साडेचार, माहिती उघड असण्याला साडेतीन, सभेच्या वेळेला एक, इतिवृत्ताच्या खरेपणाला पूर्वी अर्धा आणि आता अडीच. एकूण तीनच्या खाली जाणार नाही, कारण नाली झाली आहे आणि हातपंपावर आता चिखल तुडवावा लागत नाही. जे पहिल्यांदा जाणार असतील त्यांनी एकच विषय घेऊन जावे, तो आधी लेखी देऊन पोच घ्यावी, आणि सभा संपल्यावर लगेच न उठता ठराव वाचून होईपर्यंत बसावे. त्या शेवटच्या वीस मिनिटांत खोली निम्मी रिकामी असते आणि काम तेव्हाच होते.

येत्या सभेची नोटीस काल फलकावर लागली. महिला सभा संध्याकाळी सातला आहे, पांदण रस्ता विषय क्रमांक ६ वर आहे. सर्वांत खाली, सभेची तारीख उजाडायच्या आठ दिवस आधीच, छापलेले आहे की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी दुपारी दोन वाजता घेण्यात येईल.